इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर

इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर हे घरगुती स्टिरिओ ध्वनिसंचातील असे उपकरण आहे, ज्यात प्री-अ‍ॅम्प्लिफायर आणि पॉवर अ‍ॅम्प्लिफायर हे दोन्ही विभाग एकाच पेटीत एकत्र केलेले असतात. रेकॉर्ड प्लेअर, सीडी प्लेअर, रेडिओ ट्यूनर, संगणक किंवा दूरचित्रवाणी संच यांच्याकडून येणारा क्षीण विद्युत संकेत स्वीकारणे, त्याची पातळी कमी-जास्त करणे आणि स्पीकर हलवू शकेल इतकी शक्ती त्याला देणे, ही त्याची तीन मुख्य कामे होत. मराठी परिभाषेत अ‍ॅम्प्लिफायरसाठी विवर्धक व प्रवर्धक असे प्रतिशब्द आहेत. तथापि बाजारात आणि बोलण्यात ‘अ‍ॅम्प्लिफायर’ हाच शब्द रूढ आहे.

अ‍ॅम्प्लिफायरची निवड पुष्कळदा त्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्यावरून केली जाते. मात्र हा आकडा एकटा घेतल्यास ग्राहकाची दिशाभूल करतो. कानाला जाणवणारा आवाज शक्तीच्या प्रमाणात वाढत नाही आणि किती शक्ती लागेल हे स्पीकर, खोली व ऐकणाऱ्याचे अंतर यांवरून ठरते. म्हणून आधी स्पीकर आणि खोली यांचा विचार व नंतर अ‍ॅम्प्लिफायरचा, हा निवडीचा योग्य क्रम समजला जातो.

रचना

प्री-अ‍ॅम्प्लिफायर विभागात कोणत्या उपकरणाचा आवाज ऐकायचा हे ठरवणारा निवडक, आवाजाची पातळी बदलणारी घुंडी, डाव्या-उजव्या बाजूंचा तोल साधणारे नियंत्रण आणि बहुधा खर्ज व तीव्र स्वर कमी-अधिक करणारी नियंत्रणे असतात. पॉवर अ‍ॅम्प्लिफायर विभाग या संकेताला मोठा विद्युतदाब व प्रवाह पुरवून तो स्पीकरकडे पाठवतो. स्टिरिओ संचात डावी व उजवी अशा दोन वाहिन्या असल्यामुळे हे सर्व परिपथ दुहेरी असतात.

तिसरा महत्त्वाचा भाग वीजपुरवठ्याचा. घरातील प्रत्यावर्ती वीज ट्रान्सफॉर्मरने कमी दाबाची करून, एकदिश करून कपॅसिटरमध्ये साठवली जाते. तबल्याची किंवा पखवाजाची जोरदार थाप येते तेव्हा क्षणभर लागणारा मोठा प्रवाह याच साठ्यातून मिळतो. पारंपरिक रचनेच्या अ‍ॅम्प्लिफायरचे वजन मुख्यत्वे ट्रान्सफॉर्मर आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पंख्यांमुळे असते.

याच उपकरणात रेडिओ ट्यूनर समाविष्ट असल्यास त्याला रिसीव्हर म्हणतात. चित्रपटांसाठी पाच किंवा अधिक स्पीकर चालवणारा एव्ही रिसीव्हर हा त्याचाच विस्तारित प्रकार. केवळ संगीत ऐकायचे असेल तर दोनच वाहिन्यांचा अ‍ॅम्प्लिफायर सोयीचा ठरतो, कारण त्याच किमतीतील एव्ही रिसीव्हरमध्ये तेवढाच पैसा अनेक वाहिन्या आणि चित्रप्रक्रिया यांत विभागला जातो.

इतिहास

विद्युत संकेताचे विवर्धन शक्य झाले ते ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली तयार केलेल्या ऑडिऑन या तीन अग्रांच्या निर्वात नळीमुळे. १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी फिरत्या कॉइलच्या स्पीकरचे वर्णन प्रसिद्ध केले. आजचे बहुसंख्य स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात. १९२७ मध्ये बेल प्रयोगशाळेतील हॅरल्ड ब्लॅक यांना ऋण फीडबॅकची कल्पना सुचली. बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश उलट करून पुन्हा आत दिल्यास अ‍ॅम्प्लिफायरची स्वतःची चूक बऱ्याच अंशी आपोआप सुधारली जाते, हे तिचे सार. १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांची अत्यल्प विकृतीच्या अ‍ॅम्प्लिफायरची रचना प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या हौशी मंडळींनी ती घरी बांधली.

१९४७ च्याच अखेरीस बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. निर्वात नळीला लागणारा अवजड आउटपुट ट्रान्सफॉर्मर ट्रान्झिस्टरमुळे टाळता आला, आणि १९६० च्या दशकात ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प्लिफायर घरोघरी पोहोचू लागले. स्टिरिओ ध्वनिमुद्रणाचे पेटंट ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ मध्ये मागितले होते. परंतु स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८ च्या सुमारास. एकाऐवजी दोन अ‍ॅम्प्लिफायर लागू लागल्यावर सर्व काही एकाच पेटीत बसवण्याची सोय अधिक मोलाची ठरली.

या प्रकारातील एक गाजलेले उदाहरण म्हणजे १९७८ मध्ये आलेला एनएडी ३०२०. नॉर्वेजियन अभियंता ब्योर्न एरिक एडवर्डसन यांनी त्याची रचना केली होती. जाहिरातींतून मोठमोठ्या वॅटचे आकडे झळकत असताना याची नोंदलेली शक्ती ८ ओहमला प्रत्येक वाहिनीस केवळ २० वॅट होती. परंतु कमी संरोधाच्या स्पीकरलाही तो भरपूर प्रवाह पुरवू शके, आणि मर्यादा ओलांडली तरी आवाज एकदम फाटू नये अशी सोय त्यात होती. माफक किमतीचा हा अ‍ॅम्प्लिफायर अनेक देशांत अतिशय लोकप्रिय झाला.

भारतात कोलकात्याच्या सोनोडाइन या कंपनीने १९७० पासून घरगुती ध्वनिउपकरणांची निर्मिती सुरू केली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याच्या बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाचा परिसर इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे.

शक्ती आणि आवाजाची पातळी

ध्वनीची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. हे मापन गुणोत्तरावर आधारलेले आहे. शक्ती दुप्पट केली की पातळी ३ डेसिबलने वाढते. शक्ती दहापट केली की १० डेसिबलने. कानाला आवाज साधारणपणे दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ लागते. याचा अर्थ, ५० वॅटऐवजी १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेतल्याने आवाज दुप्पट होत नाही. तो थोडासाच मोठा होतो. ४० आणि ६० वॅटमधील फरक तर २ डेसिबलहूनही कमी आहे.

स्पीकरची संवेदनक्षमता ही त्याच्या माहितीपत्रकातील सर्वांत उपयुक्त संख्या होय. स्पीकरला २.८३ व्होल्टचा संकेत दिल्यास १ मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, हे ती सांगते. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे नेमका १ वॅट. ४ ओहमच्या स्पीकरमध्ये मात्र तेवढ्याच दाबाला २ वॅट खर्च होतात. म्हणून दोन स्पीकरांची तुलना करताना संवेदनक्षमतेबरोबर संरोधही पाहावा लागतो.

उदाहरणादाखल ८७ डेसिबल संवेदनक्षमतेचे, ८ ओहमचे दोन स्पीकर आणि ३ मीटरवर बसलेला श्रोता घेऊ. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने घटते; ३ मीटरला ही घट सुमारे ९.५ डेसिबल होते. दोन स्पीकर मिळून सुमारे ३ डेसिबलची भर घालतात. म्हणजे प्रत्येकी १ वॅट दिल्यास श्रोत्यापाशी सुमारे ८०.५ डेसिबल आवाज पोहोचतो. बंद खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनीमुळे तो प्रत्यक्षात आणखी थोडा जास्त असतो. साध्या बोलण्याची पातळी १ मीटरवर सुमारे ६० डेसिबल असते, हे लक्षात घेतले म्हणजे एका वॅटची ताकद ध्यानात येते.

संगीत मात्र एकाच पातळीवर राहत नाही. सरासरी ७५ डेसिबलवर ऐकत असताना क्षणिक उंची २० डेसिबलने वर जाऊ शकते, म्हणजेच ९५ डेसिबलपर्यंत. वरील संचात सरासरीसाठी पाव वॅटहून थोडी अधिक शक्ती पुरते. त्या क्षणिक उंचीसाठी मात्र सुमारे २८ वॅट लागतात. अशा खोलीत ४० ते ५० वॅटचा प्रामाणिकपणे मोजलेला अ‍ॅम्प्लिफायर पुरेसा होतो. संवेदनक्षमता ८४ डेसिबल असेल तर हीच गरज दुप्पट, म्हणजे ५६ वॅट होते. ९० डेसिबल असेल तर निम्मी, म्हणजे १४ वॅट. थोडक्यात, अधिक संवेदनक्षम स्पीकर निवडणे हे मोठा अ‍ॅम्प्लिफायर घेण्याइतकेच परिणामकारक असते.

वॅटच्या आकड्यांतील फरक

एकाच अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती वेगवेगळ्या पद्धतींनी मोजता येते, आणि म्हणून आकड्यासोबतच्या अटी वाचणे आवश्यक ठरते. सलग शक्तीचा आकडा, ज्याला बाजारात आरएमएस वॅट म्हणतात, तो अ‍ॅम्प्लिफायर दीर्घकाळ किती शक्ती देऊ शकतो हे दर्शवतो. याउलट पीएमपीओ हा आकडा अत्यल्प क्षणापुरत्या कल्पिलेल्या कमाल शक्तीचा असतो. त्याच्या मोजणीची सर्वमान्य व्याख्या नाही. भारतात १९९० च्या दशकात लहानशा टेपरेकॉर्डरवरही शेकडो आणि हजारो वॅट पीएमपीओ छापलेले दिसत. उपकरणाला लावलेला फ्यूज आणि मागील बाजूस लिहिलेला विजेचा वापर पाहिला तरी असे दावे किती पोकळ आहेत हे कळते. भिंतीतून १५ वॅट घेणारे यंत्र स्पीकरला सातत्याने हजार वॅट देऊ शकत नाही.

अशाच अतिशयोक्तीला आळा घालण्यासाठी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये घरगुती अ‍ॅम्प्लिफायरच्या जाहिरातींसाठी नियम केला. २०२४ मध्ये त्यात सुधारणा करून मोजणीच्या अटी अधिक एकसारख्या करण्यात आल्या. परिपूर्ण नोंदीत चार गोष्टी असाव्या लागतात: प्रत्येक वाहिनीची सलग शक्ती, स्पीकरचा संरोध, वारंवारतेची मर्यादा आणि विकृतीचे प्रमाण. ‘५० वॅट प्रति वाहिनी, ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, दोन्ही वाहिन्या एकाच वेळी चालू, विकृती ०.१ टक्क्याहून कमी’ अशी नोंद तुलनेला उपयोगी पडते. ‘१०० वॅट, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती’ ही नोंद दिसायला मोठी असली तरी तिच्यातून मिळणारी स्वच्छ शक्ती बरीच कमी असते.

स्पीकरशी मेळ

प्रत्यावर्ती प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधाला संरोध किंवा इंपीडन्स म्हणतात. स्पीकरवर लिहिलेला ८, ६ किंवा ४ ओहम हा आकडा नाममात्र असतो. प्रत्यक्ष संरोध वारंवारतेनुसार बदलतो आणि काही ठिकाणी नाममात्र आकड्याच्याही खाली उतरतो. २० व्होल्टच्या संकेताला ८ ओहमच्या स्पीकरमध्ये २.५ अँपिअर प्रवाह लागतो व ५० वॅट शक्ती खर्च होते. ४ ओहमच्या स्पीकरमध्ये ५ अँपिअर व १०० वॅट. म्हणून ४ ओहमला जवळजवळ दुप्पट शक्ती देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा वीजपुरवठा भक्कम आहे, असे समजता येते. ८ ओहमच्या स्पीकरांच्या दोन जोड्या एकाच वेळी समांतर जोडल्यास अ‍ॅम्प्लिफायरला ४ ओहमचाच भार दिसतो. ६ ओहमच्या दोन जोड्यांचा भार ३ ओहमवर येतो व पुष्कळ अ‍ॅम्प्लिफायरांना तो झेपत नाही.

अ‍ॅम्प्लिफायरकडे मागितलेला दाब त्याच्या वीजपुरवठ्याच्या मर्यादेपलीकडे गेला की ध्वनितरंगाचे माथे कापले जातात. या क्रियेला क्लिपिंग म्हणतात. त्यामुळे आवाज कर्कश होतो, उच्च वारंवारतेचे अनैसर्गिक घटक निर्माण होतात आणि तीव्र स्वर देणाऱ्या नाजूक ट्वीटरवर पडणारा भार वाढतो. लहान अ‍ॅम्प्लिफायर दीर्घकाळ ताणून वाजवल्याने ट्वीटर जळण्याचे हे एक कारण आहे. त्यामुळे ‘स्पीकर ८० वॅटचा, म्हणून ३० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर निर्धोक’ ही समजूत पूर्णतः बरोबर नाही. आवाज फाटू लागताच घुंडी मागे आणणे हा दोन्ही परिस्थितींतील खरा उपाय होय.

आवाजाची घुंडी किती फिरली यावरूनही शक्तीचा अंदाज करू नये. सीडी प्लेअरचा कमाल संकेत सामान्यतः २ व्होल्ट असतो, तर अनेक अ‍ॅम्प्लिफायरांना पूर्ण शक्तीसाठी त्याचा अल्पसा भागच पुरतो. त्यामुळे घुंडी अर्ध्यावर येण्यापूर्वीच अ‍ॅम्प्लिफायर आपल्या मर्यादेला पोहोचू शकतो. थोडी घुंडी फिरवताच मोठा आवाज येणे हे अधिक शक्तीचे लक्षण नव्हे.

डॅम्पिंग फॅक्टर हा स्पीकरचा संरोध आणि अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट संरोध यांचा भागाकार असतो. तो जास्त असल्यास स्पीकरच्या पडद्यावर, विशेषतः खर्जात, चांगला ताबा राहतो. ८ ओहमला आउटपुट संरोध ०.०८ ओहम असेल तर हा आकडा १०० येतो. मात्र २.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या ५ मीटर जोडतारेचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.०७ ओहम असतो. तो धरला की प्रत्यक्ष आकडा ५० च्या आसपास उतरतो. म्हणून माहितीपत्रकातील ५०० किंवा १,००० या आकड्यांसाठी जादा किंमत मोजण्याचे कारण नाही. पुरेशा जाडीची, शक्य तितकी आखूड तांब्याची तार वापरणे अधिक हिताचे.

कार्यपद्धतीनुसार प्रकार

‘अ’ वर्गाच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आउटपुट ट्रान्झिस्टरांतून सतत प्रवाह वाहतो. विकृती कमी राहते. परंतु संगीत बंद असतानाही वीज खर्च होते आणि पेटी तापते. ‘ब’ वर्गात तरंगाचा वरचा व खालचा अर्धा भाग दोन वेगवेगळे ट्रान्झिस्टर सांभाळतात. कार्यक्षमता वाढते, पण दोघांच्या सांध्यावर विकृती निर्माण होते. ‘अब’ वर्गात दोन्ही ट्रान्झिस्टर सांध्यापाशी थोडे चालू ठेवून ही उणीव भरून काढतात. अनेक दशके घरगुती अ‍ॅम्प्लिफायरांत हाच वर्ग प्रमुख राहिला.

‘ड’ वर्गात आउटपुट ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात आणि शेवटी गाळणी परिपथातून मूळ ध्वनितरंग परत मिळवला जातो. हे नाव डिजिटल या शब्दावरून आलेले नसून केवळ वर्णक्रमातील पुढच्या अक्षरावरून आले आहे. त्याची कार्यक्षमता ९० टक्क्यांपर्यंत किंवा अधिक असू शकते. त्यामुळे लहान, हलक्या आणि न तापणाऱ्या पेटीतून मोठी शक्ती मिळते. निर्वात नळ्यांचे अ‍ॅम्प्लिफायर आजही बनतात. त्यांची शक्ती सामान्यतः कमी, किंमत जास्त आणि नळ्या ठरावीक काळाने बदलाव्या लागतात. संवेदनक्षम स्पीकरबरोबरच त्यांचा मेळ चांगला बसतो. रचना कुशलतेने केली असल्यास कोणत्याही वर्गाचा अ‍ॅम्प्लिफायर चांगला असू शकतो. केवळ वर्गाच्या नावावरून गुणवत्ता ठरत नाही.

जोडण्या

निवड करण्यापूर्वी कोणती उपकरणे जोडायची आहेत याची यादी करणे श्रेयस्कर असते. रेकॉर्ड प्लेअरसाठी स्वतंत्र फोनो जोडणी लागते, कारण चुंबक हलणाऱ्या सामान्य काट्रिजचा संकेत अवघा काही मिलिव्होल्ट असतो. शिवाय तबकडी कोरताना खर्ज दाबून व तीव्र स्वर चढवून मुद्रित करतात. फोनो परिपथ ही क्रिया उलट करून मूळ तोल पुन्हा साधतो. त्यासाठीची आरआयएए ही प्रमाण वक्ररेषा १९५० च्या दशकात सर्वत्र स्वीकारली गेली. जुन्या तबकड्यांचा संग्रह असलेल्या घरी ही जोडणी महत्त्वाची. ज्या घरी तबकड्या नाहीत तिथे तिच्यासाठी जास्त पैसे देण्याची गरज नाही.

संगणक व दूरचित्रवाणीसाठी डिजिटल जोडण्या, मोबाइलसाठी ब्लूटूथ, हेडफोनची जोडणी आणि पुढे सबवूफर किंवा वेगळा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर जोडण्यासाठी प्री-आउट या सोयी उपयोगी असतात. डिजिटल तंत्र लवकर जुने होते, तर चांगला अ‍ॅम्प्लिफायर वीस-पंचवीस वर्षे चालतो. म्हणून डिजिटल परिवर्तक वेगळा घेतल्यास तो पुढे स्वतंत्रपणे बदलता येतो.

ऐकून केलेली पारख

दोन अ‍ॅम्प्लिफायरांची तुलना करताना दोन्हींच्या आवाजाची पातळी समान असणे अत्यावश्यक आहे. किंचित मोठा आवाज कानाला ‘मोठा’ न वाटता ‘अधिक चांगला’ वाटतो. अर्धा डेसिबल फरकही निर्णय बदलू शकतो. दुकानात होणाऱ्या तुलनेत ही दक्षता क्वचितच घेतली जाते. १९८७ मध्ये ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकी मासिकाने स्वस्त ते अतिशय महाग अशा अ‍ॅम्प्लिफायरांची, नाव न कळू देता आणि पातळी समान राखून, श्रोत्यांकडून पारख करवून घेतली. श्रोत्यांना ते केवळ ऐकून खात्रीने ओळखता आले नाहीत. अशा चाचण्यांच्या निष्कर्षांबाबत रसिकांत मतभेद आहेत. तथापि मर्यादेच्या आत वाजणाऱ्या चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरांमधील फरक स्पीकर आणि खोली यांच्यामुळे पडणाऱ्या फरकापेक्षा बराच लहान असतो, याविषयी सामान्यतः एकमत आढळते. यामुळेच मर्यादित रकमेतील मोठा वाटा स्पीकरसाठी राखून ठेवणे योग्य मानले जाते.

तुलनेसाठी परिचयाचे ध्वनिमुद्रण निवडावे. तानपुऱ्याचा सलग झंकार, गायकाचा श्वास आणि तबल्याच्या डग्ग्याची घुमार यांतून अनुक्रमे पार्श्वभूमीची शांतता, मधल्या स्वरांची स्पष्टता आणि खर्जावरील ताबा तपासता येतो. संगीत थांबवून घुंडी वाढवल्यास येणारी खरखर किंवा गुणगुण हीदेखील एक साधी कसोटी आहे.

वापर आणि देखभाल

भारतातील घरगुती वीज २३० व्होल्ट व ५० हर्ट्झची असते. अमेरिकेतील उपकरणे १२० व्होल्टची आणि जपानमधील देशांतर्गत विक्रीची उपकरणे १०० व्होल्टची असतात. परदेशांतील नातेवाइकांकडून आणलेला अ‍ॅम्प्लिफायर जोडण्यापूर्वी मागील पट्टीवरील विद्युतदाब पाहणे गरजेचे आहे. दाब बदलण्याची सोय नसल्यास योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो, अन्यथा उपकरण जळू शकते. तीन पिनांच्या उपकरणाची अर्थिंगची पिन काढून टाकणे धोक्याचे असते.

अ‍ॅम्प्लिफायरच्या वर व बाजूंना हवा खेळण्यास जागा ठेवावी. त्यावर दुसरे उपकरण, कापड किंवा फुलदाणी ठेवू नये. स्पीकरच्या तारा जोडताना वा काढताना उपकरण बंद असावे आणि तारेचे सुटे धागे एकमेकांना चिकटू देऊ नयेत. कोकण, गोवा, मुंबई अशा दमट हवेच्या भागांत घुंड्या व निवडकांचे स्पर्शबिंदू गंजून आवाजात खरखर येते. स्पर्शबिंदू साफ करण्याच्या योग्य द्रवाने ती बहुधा दूर होते.

जुना अ‍ॅम्प्लिफायर विकत घेताना दोन्ही वाहिन्या समान वाजतात का, घुंडी फिरवताना आवाज तुटतो का आणि चालू केल्यावर मोठी गुणगुण येते का, हे पाहावे. वीजपुरवठ्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काळाच्या ओघात सुकतात व बदलावे लागतात. स्पीकरच्या जोडणीवर एकदिश दाब काही दशक मिलिव्होल्टहून अधिक आढळल्यास तंत्रज्ञाकडून तपासणी केल्याशिवाय स्पीकर जोडू नये, कारण मोठ्या एकदिश दाबाने स्पीकरची कॉइल जळते. सुटे भाग मिळण्याजोगा आणि जवळपास दुरुस्त होऊ शकणारा अ‍ॅम्प्लिफायर दीर्घकाळाच्या हिशेबात स्वस्त पडतो.